जेवणाऐवजीची शेक पावडर: घेण्याआधी डबा फिरवून बघा

डब्याच्या दर्शनी बाजूला सडसडीत कंबर, मोजपट्टी आणि 'संपूर्ण आहार' ही ठसठशीत अक्षरं असतात. परीक्षण करायचं ते मागच्या बारीक टायपातल्या तक्त्याचं. शेक पावडर म्हणून दुकानात तीन वेगळ्या वस्तू एकाच फळीवर मांडलेल्या असतात. एका वेळच्या जेवणाऐवजी घ्यायची पावडर ही पहिली. दुसरी, दिवसभराचं सगळं जेवण बंद करून फक्त तिच्यावरच राहायचं अशी, डॉक्टरांच्या देखरेखीत घ्यायची. तिसरी नुसती प्रोटीन पावडर, जिच्यात जेवण म्हणावं असं काहीच नसतं. इथे परीक्षण आहे ते पहिल्या दोन प्रकारांचं, आणि तेही तीन गिऱ्हाइकांच्या बाजूने: वजन उतरवणारे, नियमित दारू पिणारे, आणि ज्यांच्यापर्यंत धड ताजं अन्न पोचत नाही असे लोक. पावडर तीच असली तरी तिघांसाठी आमचा निकाल अगदी वेगळा आहे.

मापायला पट्टी हवी, ती आहे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांत १९९१ सालचं एक मानक खास अशा पावडरींसाठी आहे. एका जेवणाची जागा घेणाऱ्या सर्व्हिंगमध्ये २०० ते ४०० कॅलरी असाव्यात. त्यांतल्या २५ ते ५० टक्के प्रथिनांतून याव्यात, आणि चरबीतून येणाऱ्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त नसाव्यात. दिवसाला तीन वेळा घ्यायची असेल तर जीवनसत्त्वं-खनिजं प्रत्येक वेळी दिवसाच्या गरजेच्या निदान तिसरा हिस्सा हवीत. पूर्ण दिवस पावडरीवरच काढायचा असेल तर ८०० ते १२०० कॅलरी. त्याखालच्या, म्हणजे ४५० ते ८०० कॅलरींच्या आहारासाठी १९९५ सालचं वेगळं मानक आहे. त्यात दिवसाला निदान ५० ग्रॅम चांगल्या प्रतीची प्रथिनं, ५० ग्रॅम कर्बोदकं, ३ ग्रॅम लिनोलेइक आम्ल आणि अर्धा ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल लागतं; ही दोन्ही शरीराला स्वतः बनवता न येणारी स्निग्धाम्लं. हे आकडे फोनमध्ये लिहून दुकानात जा. निम्मे डबे तिथेच बाद होतील.

आता तक्ता कसा फसवतो ते बघा. समजा लिहिलंय: एका सर्व्हिंगमध्ये २०७ कॅलरी, प्रथिनं १५ ग्रॅम, कर्बोदकं ३० ग्रॅम, चरबी ३ ग्रॅम. प्रथिनांतून ६० कॅलरी, म्हणजे २९ टक्के. पास. पण तक्त्याखाली चांदणी असते आणि तिच्यापुढे मुंगीएवढ्या अक्षरांत '२०० मिली स्निग्धांशविरहित दुधात मिसळल्यावर'. त्या दुधाचे ७ ग्रॅम प्रथिनं आणि सुमारे ७० कॅलरी वजा करा. पावडरीच्या वाट्याला उरतात ८ ग्रॅम प्रथिनं आणि १३७ कॅलरी. दूध पचत नाही म्हणून हीच पावडर पाण्यात घेतली, तर ते जेवण राहतच नाही. कॅलरी कमी पडतात, प्रथिनं २३ टक्क्यांवर येतात आणि दोन तासांत भुकेने जीव कासावीस होतो. दोष मग इच्छाशक्तीला दिला जातो. म्हणून आधी 'दर १०० ग्रॅम'चा रकाना वाचा. तो कोरड्या पावडरीचाच असेल तर त्यात दुधाची भेसळ नसते.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली, साखरेसारखी झटपट पचणारी भुकटी) किंवा साखर असेल तर डबा परत फळीवर ठेवा. पहिलं नाव दुधाचं, व्हेचं (दूध फाडल्यावर उरणाऱ्या पाण्यातलं) किंवा सोयाचं प्रथिन हवं. कोलॅजन, म्हणजे प्राण्यांच्या कातडी-कंडरांतलं प्रथिन, दिसलं तर थांबा. त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल अजिबात नसतं, त्यामुळे कोलॅजनचे ग्रॅम तक्त्यात प्रथिन म्हणून मोजले जातात, पण स्नायू टिकवायला ते एकटे पुरत नाहीत. हा नुसता पुस्तकी मुद्दा नाही. १९७६-७७ मध्ये अमेरिकेत प्राण्यांच्या कातडी-कंडरांपासून केलेल्या द्रव प्रथिनावर लोक महिनोन्महिने राहिले, आणि पन्नासहून जास्त मृत्यूंची नोंद झाली. त्यांतले कितीतरी हृदयाचा ठोका अचानक बिघडून झाले. आजच्या चांगल्या पावडरींत पोटॅशियम-मॅग्नेशियमचे रकाने इतके काटेकोर असतात, त्यामागे हा इतिहास आहे.

तंतूंसाठी बऱ्याच कंपन्या इन्युलिन, म्हणजे वनस्पतींच्या मुळांतून काढलेला विरघळणारा तंतू, घालतात. स्वस्त आहे, गोडसर लागतं, आणि एकदम ८-१० ग्रॅम पोटात गेलं की पोट फुगतं, गुरगुरतं. पहिला आठवडा दिवसातून एकच शेक ठेवला तर आतडी जुळवून घेतात. तंतू कमी असले तर उलट तक्रार, पोट साफ होत नाही. दिवसाला प्रौढाला २५ ग्रॅम तंतू लागतात आणि तीन शेक मिळून एवढे क्वचितच भरतात. उरलेल्या जेवणात भाजी आणि कडधान्य हवंच, आणि शेकखेरीज दीड-दोन लिटर पाणी.

चव याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. व्हॅनिला सगळ्यांत कमी कंटाळवाणी, फळांच्या चवी तिसऱ्या दिवशी औषधी वाटू लागतात.

करायच्या पद्धतीत मात्र चुका होतात. पावडरीवर पाणी ओतलं की तळाशी कोरड्या पोटाच्या गुठळ्या बनतात: बाहेरून चिकट साय, आत पीठ. म्हणून आधी गार पाणी किंवा दूध, त्यावर पावडर, झाकण लावून अर्धा मिनिट जोरात हलवायचं आणि फेस बसेपर्यंत दोन मिनिटं ठेवायचं. उकळत्या पाण्यात प्रथिनं गोळा होतात आणि क जीवनसत्त्व कमी होतं. डब्यातल्या चमच्यावर विश्वास ठेवू नका. पावडर वाहतुकीत दबून बसलेली असते, नंतर मोकळी होते, त्यामुळे तोच चमचा सुरुवातीला ३५ ग्रॅम आणि नंतर २८ ग्रॅम भरू शकतो. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा वापरा. कालवलेला शेक बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये.

वजन उतरवणाऱ्यांसाठी ही वस्तू कामाची आहे का? आहे, आणि पुरावाही बऱ्यापैकी भक्कम आहे. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' या चाचणीत टाइप २ मधुमेहाच्या, निदान होऊन सहा वर्षं उलटली नव्हती अशा लोकांना तीन ते पाच महिने दिवसाला ८२५ ते ८५३ कॅलरींच्या शेक-सूपवर ठेवलं होतं. वर्षाअखेर ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात होता. दोन वर्षांनी ३६ टक्के. पण त्या आकड्यांसोबत वाचायच्या गोष्टी डब्यावर छापलेल्या नसतात. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी थांबवल्या होत्या, आणि नेहमीचं जेवण दोन ते आठ आठवड्यांत टप्प्याटप्प्याने परत आणलं होतं. हा परतीचा टप्पाच घरगुती प्रयोगांत गाळला जातो. तीन महिने शेक, चौथ्या महिन्याच्या पहिल्या दिवशी पूर्वीचं ताट, आणि मग वजन परत आलं की पावडर बोगस. दर आठवड्याला एक शेक कमी करून त्या जागी ठरलेल्या मापाचं जेवण, हा साधा क्रम.

कमी खाण्यालाही तळ असतो. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे रोज सुमारे १६०० कॅलरींवर ठेवलं. सोबत भरपूर चालणं. वजन जवळपास पाव भागाने उतरलं. त्याबरोबर थंडी वाजणं, चिडचिड, उदासी आणि दिवसभर डोक्यात फक्त खाण्याचे विचार. १६०० हा आकडा आजच्या कितीतरी डाएट तक्त्यांपेक्षा वरचा आहे. शरीर कमी खर्चात चालायला शिकतं, आणि उतरलेल्या वजनात साधारण पाव हिस्सा चरबी नसलेल्या भागाचा, मुख्यतः स्नायूंचा, असू शकतो. तो वाचवायला वजन उतरवताना शरीराच्या दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचा व्यायाम लागतो. ७० किलोच्या माणसाला ८४ ग्रॅम तरी. १५ ग्रॅमचे तीन शेक ४५ ग्रॅमवर थांबतात.

चरबी अगदीच नसलेली पावडर घेऊ नका, जाहिरातीत ते कितीही भारी वाटलं तरी. वजन झपाट्याने उतरताना पित्तात कोलेस्टेरॉल वाढतं, आणि जेवणात चरबी नसली की पित्ताशय आकुंचन पावत नाही. साचलेल्या पित्तात खडे धरतात. आठवड्याला दीड किलोपेक्षा वेगाने वजन गेलं तर हा धोका ठळक वाढतो. दिवसातल्या एका तरी जेवणात १० ग्रॅमच्या आसपास चरबी असली की पित्ताशय रिकामं होतं. उजव्या बरगडीखाली कळ येऊन ती खांद्याकडे गेली तर शेक बंद आणि तपासणी. केस गळणं मात्र दोन-तीन महिन्यांनी सुरू होतं, त्यामुळे त्याचा संबंध कुणी डाएटशी जोडत नाही आणि शाम्पू बदलत बसतात. पाळी चुकू लागली तर कॅलरी कमी पडताहेत, असं धरून चाला.

दुसरं गिऱ्हाईक दारू पिणारं. इथे पावडरीवर भिस्त ठेवणं आम्हाला सर्वांत धोक्याचं वाटतं, आणि डब्यावर याबद्दल अवाक्षर नसतं.

आधी हिशेब. मद्यार्काच्या एका ग्रॅममध्ये ७ कॅलरी, चरबीच्या ९ च्या जेमतेम खाली. मिली गुणिले टक्के भागिले १००, गुणिले ०.७९, म्हणजे मद्यार्काचे ग्रॅम. ५ टक्क्यांची ५०० मिली बिअर: सुमारे २० ग्रॅम, नुसत्या मद्यार्काच्या १४० कॅलरी, माल्टमधली साखर वेगळी. ४० टक्क्यांची ६० मिली दारू: १९ ग्रॅम, १३० च्या पुढे. तीन झाल्या की ४००, म्हणजे दोन शेकचा ऐवज, ज्यात ना प्रथिन ना जीवनसत्त्व. अनेक देशांत बाटलीवर पोषणतक्ता छापायची सक्ती नसते, त्यामुळे हा हिशेब स्वतःच करावा लागतो. मग सुचते ती शक्कल: रात्री प्यायची आहे तर दिवसा जेवण टाळून शेकवर राहू, कॅलरी सारख्याच. कॅलरी जुळतातही. पण रिकाम्या पोटी मद्यार्क लवकर आणि जास्त चढतो. यकृत मद्यार्क जाळण्यात गुंतलेलं असताना नवी साखर बनवू शकत नाही, आणि दिवसभर उपाशी असल्याने साठवलेली साखरही संपत आलेली असते. इन्सुलिन किंवा ग्लिपिझाइड-ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याची साखर अशा रात्री झोपेतच धोकादायक खाली जाऊ शकते. आणि बघणाऱ्याला ती नशाच वाटते.

त्याहून खोलवरचं नुकसान थायमिनचं, म्हणजे बी-१ चं. शरीरात त्याचा साठा जेमतेम २५-३० मिलिग्रॅम, काही आठवड्यांत संपणारा. गरज रोज १.१ ते १.२ मिलिग्रॅमची. दारू आतड्यातून थायमिन शोषलं जाण्यात अडथळा आणते, यकृतातला साठा घटवते, आणि लघवीतून मॅग्नेशियम बाहेर टाकते, ज्याशिवाय थायमिन कामाला लागत नाही. शेकमध्ये ०.४ मिलिग्रॅम थायमिन असतं. रोज भरपूर पिणाऱ्याच्या आतड्यातून त्यातलं किती पोचेल याची खात्री नाही, पण सोबतची ३० ग्रॅम कर्बोदकं मात्र नक्की पोचतात, आणि ती जाळायला थायमिनच खर्च होतं. साठा आधीच तळाला गेलेला असेल तर गोंधळलेपण, चालताना तोल जाणं, बुबुळांची हालचाल बिघडणं ही वेर्निके या मेंदूच्या आजाराची लक्षणं दिसू शकतात. तिन्ही एकत्र दिसतीलच असं नाही. एक जरी दिसलं तरी हॉस्पिटल. तिथे थायमिन शिरेतून देतात, मोठ्या मात्रेत, आणि ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत.

फोलेटचं, म्हणजे बी-९ चंही तसंच. नेहमी पिणाऱ्याच्या रक्ततपासणीत तांबड्या पेशींचा आकार, एमसीव्ही, १०० च्या वर दिसला तर नुसती पावडर वाढवू नका. बी-१२ तपासून घ्या. पावडरीतल्या जास्त फोलिक अॅसिडने (म्हणजे फोलेटच्या कृत्रिम रूपाने) रक्ताचं चित्र सुधारतं आणि बी-१२ च्या कमतरतेमुळे मज्जातंतूंचं नुकसान मागे चालूच राहतं. उलट अ जीवनसत्त्व जास्त होण्याची भीती. रेटिनॉलची, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या तयार रूपाची, प्रौढांसाठी रोजची वरची मर्यादा ३००० मायक्रोग्रॅम आहे, पण दारूने थकलेल्या यकृताला त्याहून कमी मात्राही बाधू शकते. शेक, वर मल्टिव्हिटॅमिन, वर माशाच्या यकृताचं तेल, असे तीन रकाने आधी एकत्र जोडून बघा.

आणखी दोन गोष्टी अशा की त्या चुकल्या तर जीव जाऊ शकतो. रोज भरपूर पिणाऱ्याने 'डाएट सुरू' म्हणून एका दिवसात दारू सोडू नये. फेफरं सहसा पहिल्या ६ ते ४८ तासांत येतात, भ्रम त्यानंतर. सोडणं देखरेखीखाली हवं. दुसरी: पाच दिवसांपेक्षा जास्त जवळजवळ काही न खाल्लेल्या माणसाला पूर्ण मात्रेचे तीन शेक देऊ नयेत, मग उपासाचं कारण दारू असो, आजार असो की अन्नच नसणं. कर्बोदकं आली की इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं; हृदय त्या घसरणीने अडखळतं. दहा दिवस पोटात काही नसेल किंवा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) १६ च्या खाली असेल तर डॉक्टर रक्त तपासत दर किलोमागे १० कॅलरींपासून, कधी ५ पासून, सुरू करतात. ४५ किलोच्या माणसाला पहिल्या दिवशी ४५० कॅलरी, दिवसभरात वाटून.

तिसरं गिऱ्हाईक ज्याला अन्नच मिळत नाही ते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्नसुरक्षा अहवालानुसार २०२२ मध्ये जगातल्या २८० कोटींहून अधिक लोकांना सकस आहार परवडत नव्हता. दुकान दूर, चूल नाही, फ्रीज नाही, कामाच्या पाळ्या उलटसुलट, दात गेलेले, अशी कारणं वेगवेगळी असतात आणि पावडर त्यांतल्या काहींवरच उपाय आहे. चूल आणि फ्रीज नसलेल्या खोलीत, रात्रपाळीत, किंवा चावता येत नाही अशा दिवसांत डबा हाताशी असणं फायद्याचं. पण त्याआधी हिशेब करा: डब्याची किंमत भागिले डब्यातली एकूण प्रथिनं, गुणिले २०. हा २० ग्रॅम प्रथिनांचा भाव. तोच दुधाची भुकटी, अंडी, कडधान्य, शेंगदाणे यांचा काढा. बहुतेक ठिकाणी पावडर महाग पडेल, आणि मग डब्याचे पैसे त्या कडधान्यात आणि क्षार-जीवनसत्त्वांच्या साध्या गोळीत घातलेले बरे. पाणी संशयास्पद असेल तर उकळून गार करूनच कालवा.

घरातल्या खंगलेल्या वडीलधाऱ्यांसाठी लोक हाच डबा घेतात. हे चूक आहे. ही पावडर बनवलीच आहे ती पोट भरावं आणि कॅलरी कमी जाव्यात म्हणून. २५० मिलीत २०७ कॅलरी, म्हणजे मिलीमागे एकही नाही. वर तंतूंनी भूक मरते. वजन वाढवायचं असेल तर मिलीमागे दीड कॅलरी देणारं वैद्यकीय पेय घ्या, किंवा साय असलेल्या दुधात दोन मोठे चमचे दूधभुकटी आणि एक छोटा चमचा तेल घाला: शंभरावर कॅलरी वाढतात, घोट तेवढेच राहतात. कुपोषित मुलांसाठीच्या उपचारी शेंगदाणा पेस्टशी तुलना केली की फरक कळतो. ९२ ग्रॅमच्या पाकिटात ५०० कॅलरी, आणि पाणी मिसळायची गरजच नाही, म्हणजे दूषित पाण्याचा प्रश्नही नाही. मोठ्यांची शेक पावडर तान्ह्या बाळाला तर कधीच देऊ नका. त्यातल्या प्रथिन-क्षारांचा भार त्याच्या मूत्रपिंडांना झेपत नाही.

औषधं चालू असतील तर वेळा सांभाळा. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, आणि शेकमधल्या कॅल्शियम-लोहापासून चार तास दूर. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेत असाल तर के जीवनसत्त्वाचा रकाना बघून डॉक्टरांना सांगा, कारण शेक एकदम सुरू किंवा बंद केल्याने रक्त पातळ राहण्याचं गणित बदलतं. नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेली मधुमेहाची गोळी आणि अतिकमी कर्बोदकं ही जोडी टाळा. साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्त आम्लधर्मी होऊ शकतं. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायका, वाढीच्या वयातली मुलं, खाण्याचा विकार होऊन गेलेले, मूत्रपिंडाचा आजार असलेले: यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडू नये.

गुणच द्यायचे तर: ठरावीक काळासाठी, दिवसाला एक किंवा दोन जेवणांऐवजी, वजन उतरवणाऱ्याला पाचापैकी चार. दारू चालू ठेवून वापरणाऱ्याला एक, तोही निव्वळ प्रथिनांसाठी. अन्न दुर्मिळ असलेल्याला दोन, चूल नसेल तर तीन. पहिल्यांदा घेताना मोठा डबा नको, आठवड्याची सुटी पाकिटं घ्या: माप ठरलेलं असतं, ओल लागत नाही, आणि इन्युलिन मानवत नाही हे कळलं तर किलोभर पावडर अंगावर पडत नाही.